खाऱ्या पाण्याच्या मावशी

डमडमचं ते घर बघायला आम्ही गेलो, तेव्हा घरमालकीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "तुम्ही डास मारायला काय वापरता?"

माझा नवरा गोंधळला. त्याची बँकेच्या बराकपूर शाखेत बदली झाली होती. घरमालक काय काय विचारतात हे एव्हाना त्याला पाठ होतं आणि उत्तरंही तयार होती. डासांचं उत्तर तयार नव्हतं. "ते... प्लगला लावायचं मशीन," तो म्हणाला.

"ते नाही चालणार."

"मग कॉइल लावू."

"ओ मा!" त्यांनी छातीवर हात ठेवला. "कॉइल नाही, स्प्रे नाही, मशीन नाही. उदबत्ती पण नाही. देवाला फुलं वाहा, तो काही रागावणार नाही. मच्छरदाणी मी देते. चांगला मच्छरदाणी आहे, माझा आईचा."

कोलकात्यात घरमालकीण मराठी मिळाली म्हणून आम्ही आधीच हरखलो होतो. 'चांगला मच्छरदाणी' कानाला खटकला, पण घर हवेशीर होतं, मेट्रो जवळ होती आणि आमच्या मुक्ताची शाळा पायी जाण्याच्या अंतरावर. आम्ही वरचा मजला घेतला. त्या खाली राहत.

त्यांचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत इकडे आले आणि परत गेलेच नाहीत. बाई जन्मल्या, शिकल्या, निवृत्त झाल्या त्या याच शहरात. लग्न केलं नव्हतं. मराठी फक्त आईवडिलांशी बोलायच्या, आणि ते दोघं गेल्यावर बरीच वर्षं कुणाशीच नाही. बंगालीत शब्दांना लिंग नसतं; पाऊस काय नि साडी काय, सगळ्यांना एकच वागणूक. त्यामुळे त्यांच्या मराठीत 'माझा साडी ओला झाला' आणि 'तुझी नवरा आली का?' असं सर्रास चालायचं. मुक्ता पहिल्यांदा खो-खो हसली. मी डोळे वटारले, तर त्याच म्हणाल्या, "हसू दे. बरोबर काय ते सांग गं तू मला." मुक्ताने सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवरा 'आली'च.

गल्लीतले सगळे त्यांना मासीमा म्हणत. आम्ही मावशी म्हणू लागलो.

दिसायला उंच, काटकुळ्या. केस पोरासारखे बारीक कापलेले. सुती साडीचा पदर कायम कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. दार उघडलं की आधी समोरच्याचा वास घेत. अत्तर, डिओ, केसांचं तेल, काहीही जाणवलं तर त्या माणसाशी व्हरांड्यात उभ्या राहूनच बोलत. आणि 'कसे आहात' असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. त्यांचा प्रश्न ठरलेला : "अजून काही झालं नाही ना?"

नाही म्हटलं की "बरं. अजून तरी नाही," असं पुटपुटत आत जात.

सुरुवातीला त्यांच्या फोनची मला धडकी भरायची. खाली राहून वर फोन करत. "लाइट आहे का तुमच्याकडे?"

"आहे."

"पंखा नेहमीसारखं फिरतो?"

"हो मावशी."

"हळू तर नाही ना झाली? व्होल्टेज पडते आधी, मग जाते."

मी पंख्याकडे बघायची आणि मलाही तो हळू वाटायला लागायचा. ही त्यांची खासियत होती. त्यांच्याशी दोन मिनिटं बोललं की आपल्या घरातल्या प्रत्येक ठीकठाक वस्तूबद्दल शंका येऊ लागे.

त्यांची सगळी नोकरी दूरध्वनी खात्यात, तक्रार विभागात गेली होती. दिवसभर कानाला फोन, आणि पलीकडे कुणाची तरी लाइन मेलेली. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "माझं फोन चालू आहे, हे सांगायला कधी कुणी फोन केला नाही गं. एकानेही नाही."

एवढी काळजी कशापायी, ते आम्हाला बरेच आठवडे कळलं नाही. खाली एका खोलीला जाड निळा पडदा होता आणि तिथून दिवसभर बारीक घरघर ऐकू यायची. त्यांना दमा असेल, ऑक्सिजनचं यंत्र असेल, असा माझा अंदाज. छडा लावला मुक्ताने. एक दिवस शाळेतून आली, मला ऑफिसात उशीर झाला होता, म्हणून खाली थांबली. मी आल्यावर म्हणाली, "आई, मावशींकडे घोडे आहेत. कुणाला सांगायचं नाही."

मलाही बोलावणं आलं. आधी साबण न लावता हात धुवायला लावले, मग पडदा सारला.

भिंतीएवढी लांब टाकी. आत निळसर उजेड, खडक, हिरव्या फितींसारखं गवत, आणि त्या गवताला शेपटी गुंडाळून उभे असलेले दोन समुद्रघोडे. माझ्या तळहाताहून लहान. एक पिवळट, एक काळपट. मान झुकलेली, तोंड नळीसारखं, डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरणारे. पाठीवरचा पारदर्शक पर इतका भरभर हलत होता की नीट दिसत नव्हता, आणि तरी ते जागचे हलत नव्हते. हे मासे आहेत यावर माझा विश्वास बसेना.

मावशींनी एक लांब काचेची नळी घेतली, वर रबराचा फुगा. तिच्यातून बारीक कोळंबी एकेक करून त्यांच्या तोंडासमोर सोडू लागल्या. घोडा बघायचा, विचार करायचा, आणि 'टक्' करून ओढून घ्यायचा. तो आवाज काचेबाहेर ऐकू येतो, हे मला तेव्हा कळलं.

"यांना पोटच नाही," मावशी म्हणाल्या. "खाल्लेलं थांबत नाही. सारखं द्यावं लागतं. नाही दिलं तर भरल्या टाकीत उपाशी मरतात. पोहता पण नीट येत नाही. पाणी गरम झाला की मरतात, हवा बंद झाली की मरतात, धूर आला की मरतात." हे सगळं त्यांनी हळू आवाजात सांगितलं, जणू त्या दोघांना ऐकू जाऊ नये.

टाकी मुळात त्यांच्या भाच्याची. तो बंगळुरूला गेला आणि थोडे दिवस सांभाळ म्हणून रंगीत माशांसकट ठेवून गेला. ते थोडे दिवस कधी संपले नाहीत. मासे एकेक करून म्हातारे होऊन गेले, टाकी चालूच राहिली. मग एकदा मावशी बजबजला जुन्या मैत्रिणीकडे गेल्या होत्या. तिथे नदीकाठी एक मासळीवाला बसला होता. खाली दूर नदीच्या मुखाकडून आलेल्या जाळ्यातला माल, आणि एका बादलीत कोळंबीबरोबर हे दोघं. जिवंत. पोरं काडीने ढोसत होती. मावशींनी त्याच बादलीतल्या पाण्यासकट त्यांना दुधाच्या कॅनमध्ये घेतलं आणि लोकलमधून कॅन मांडीवर धरून आणलं.

"गाडीत एक माणूस म्हणाली, मासीमा, दूध का? मी म्हटलं हो. मग म्हणाली, झाकण का नाही लावत? मी काय सांगणार? श्वास घेतात म्हणून?"

आता 'म्हणाली' म्हणजे माणूस पुरुष होता की बाई हे मी विचारायचं सोडलं होतं. याच सवयीमुळे पुढची गंमत झाली. पावसाळा उतरणीला लागला होता. मी ऑफिसातून आले तर मावशी पायरीवर उभ्या. चेहरा उतरलेला. "तो गरोदर आहे," त्या म्हणाल्या.

"ती गरोदर आहे," मी सवयीने दुरुस्त केलं. "कोण पण?"

"तो. पिवळा."

"मावशी, मादीला 'ती' म्हणायचं."

"मला माहीत आहे मादीला काय म्हणायचं!" त्या पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. "तो म्हणजे तोच. नर. यांच्यात नराला होतं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. खाली नेऊन दाखवलं. पिवळ्याच्या पोटाखालची पिशवी फुगून गोल झाली होती. मुक्ता काचेला नाक लावून म्हणाली, "मावशी, 'तो गरोदर आहे' हे एकच वाक्य तुमचं एकदम बरोबर आहे."

माझ्या नवऱ्याला या सगळ्यात हसू येईना. त्याने कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरंच होतं. समुद्रघोडे पाळणं आपल्याकडे गुन्हा आहे. वाघाला जसं कायद्याचं संरक्षण तसं यांना. तो खाली गेला आणि शक्य तितक्या सौम्यपणे ते सांगितलं.

"माहीत आहे," मावशी म्हणाल्या. "आणल्यावर महिन्याभराने कळला. तेव्हापासून बेल वाजली की मला वाटतं, आले."

"मग देऊन टाका ना."

"कुणाला? देईन तिथे मरतील. माझ्या नळीतूनच खातात. नदीत सोडू? इथल्या नदीत मीठ कुठे आहे?" त्या खुर्चीत बसल्या. "तुम्हाला माझ्यामुळे त्रास नको. घर सोडायचं तर सोडा, मी काही म्हणणार नाही."

आम्ही सोडलं नाही. पण त्या दिवसापासून बेल वाजली की मीही दचकू लागले. पोस्टमन, गॅसवाला, पूजेची वर्गणी मागणारी मंडळं, सगळे मला साध्या वेशातले पोलीस वाटायचे.

सगळ्यात मोठी भीती पालिकेच्या बायकांची. पावसाळ्यानंतर इकडे डेंग्यू पसरतो. पालिकेच्या आरोग्यसेविका घरोघर येऊन कुंड्या, बादल्या, फ्रिजमागच्या ताटल्या, साचलेलं पाणी सगळं तपासतात. मावशी दाराला साखळी लावून फटीतून सांगत, "इथे काही नाही. कोरडं आहे सगळं." आणि आत एवढी मोठी पाण्याची टाकी! शिवाय मागच्या व्हरांड्यात कोल्ड्रिंकच्या, बूड कापून उलट्या टांगलेल्या बाटल्या. त्यांत मिठाच्या पाण्यात एका बारीक जातीच्या कोळंबीची अंडी उबवायला ठेवलेली. दीडेक दिवसात पाण्यात नारिंगी कण वळवळू लागत. घोड्याची पिल्लं जन्मली की पहिल्या दिवसापासून त्यांना तेवढंच खाता येतं, म्हणून मावशींनी आधीपासून तयारी ठेवली होती. नवख्या माणसाने पाहिलं तर डासांच्या अळ्याच वाटाव्यात.

गल्लीत कुजबुज सुरू झाली होतीच. कोपऱ्यावरचा मिठाईवाला मला म्हणाला, "मासीमा दार का उघडत नाहीत? त्यांच्याकडेच डास होत असतील."

मग मुक्ताला ताप आला.

पहिल्या दिवशी वाटलं, साधा असेल. दुसऱ्या दिवशी तिला डोळे उघडवेनात. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. प्लेटलेट उतरायला लागल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, दाखल करा. तिला उचलून जिना उतरताना मावशी खाली उभ्या होत्या. त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांचा ठरलेला प्रश्नसुद्धा नाही. कारण आता झालं होतं.

रिक्षात नवरा एकच वाक्य बोलला. "घरात एक मशीन लावू दिलं असतं तर..." डॉक्टरांनी नंतर सांगितलं की डास शाळेत चावला, रस्त्यात चावला की घरात, हे कुणीच सांगू शकत नाही.

मला वाटलं होतं, मावशी आता दर दहा मिनिटांनी फोन करून मला वेड लावतील. झालं उलटंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इस्पितळात हजर. स्वच्छ इस्त्रीची साडी, हातात थर्मास. नर्सला त्यांनी मोजके प्रश्न विचारले आणि उत्तरं शांतपणे ऐकून घेतली. मुक्ताच्या कपाळावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळल्या. "तू घरी जा. आंघोळ कर, जेव. मी बसते."

"मावशी, मला नाही जमणार. काही झालं तर?"

"काही झालं तर फोन करीन. काही झालं नाही तरी करीन."

मी घरी गेले. आंघोळ केली, भात वाढून घेतला. फोन वाजला, माझ्या हातातून ताट निसटलं.

"काही झालं नाही," मावशींचा आवाज. "झोपली आहे. जेव तू." आणि त्यांनी ठेवून दिला. त्या दुपारी असे बरेच फोन आले. प्रत्येक वेळी तेच तीन शब्द. ते शब्द मी अजून विसरलेले नाही. आयुष्यभर लोकांच्या तक्रारी घेतलेल्या त्या बाई मला एकामागून एक, काही बिघडलेलं नाही अशा बातम्या कळवत होत्या.

एक दिवस सकाळी मी कपडे न्यायला घरी आले, तर खालचं दार सताड उघडं. साखळी लोंबत होती. आत स्वयंपाकघरात पालिकेची आरोग्यसेविका उभी, बाहेर गल्लीत धूर सोडायचं यंत्र खांद्याला लावलेला माणूस. मला वाटलं, धाड पडली.

"मी बोलावलं," मावशी म्हणाल्या. "मीच फोन केला. सगळं घर बघा म्हटलं, सगळीकडे धूर करा. मुक्ता परत येईल तेव्हा इथे एकही डास नको."

"पण मावशी, घोडे?"

आरोग्यसेविका व्हरांड्यात गेली होती. तरुण होती, उन्हातून फिरून चेहरा रापलेला. तिने बाटली उजेडासमोर धरली आणि बंगालीत ओरडली, "हे काय मासीमा? अळ्या पाळल्यात तुम्ही? आख्खी गल्ली तापाने फणफणली आहे!"

"अळ्या नाहीत. खाणं आहे."

"कुणाचं?"

मावशी चालत गेल्या आणि निळा पडदा पूर्ण बाजूला केला. "यांचं," त्या म्हणाल्या. "हे ठेवणं गुन्हा आहे. तेही मला माहीत आहे. तुला कुणाला सांगायचं तर सांग."

ती मुलगी टाकीजवळ गेली. वाकून आत बघू लागली. पिवळा गवताला धरून जड झाल्यासारखा कलंडला होता, काळी त्याच्याभोवती फिरत होती. "आजारी आहे?" तिने विचारलं.

"दिवस भरलेत त्याचे."

तिने मान डोलावली, जणू असं रोज कुठल्या ना कुठल्या घरात ऐकते. "टाकीतलं पाणी वाहतं आहे, तिथे डास होत नाहीत," ती म्हणाली. "पण बाटल्या ठेवू देता येणार नाहीत. उघड्या आहेत. मला वर उत्तर द्यावं लागतं."

मावशींनी वाद घातला नाही. एकेक बाटली सोडवली आणि स्वतःच्या हाताने मोरीत ओतली. नारिंगी पाणी जाळीतून खाली गेलं. "चल," त्या मला म्हणाल्या, "प्लास्टिक धर."

त्यांनी मोठं जाड प्लास्टिक आणून ठेवलं होतं. ते आम्ही टाकीवरून टाकलं आणि स्वतःही आत शिरलो. कडा ओल्या चादरींनी जमिनीशी दाबल्या. हवेचा पंप बंद केला, नाहीतर त्याने बाहेरचा धूरच पाण्यात ओढला असता. मग मावशी तांब्याने पाणी उचलून उंचावरून पुन्हा टाकीत ओतू लागल्या, त्याने जेवढी हवा मिसळेल तेवढी. त्या दमल्या की मी.

बाहेर यंत्र सुरू झालं. मोटारसायकल घरात शिरल्यासारखा आवाज. प्लास्टिकच्या पलीकडे सगळं पांढरं झालं. आत घामाने आम्ही निथळत होतो. मला रॉकेलसारखा वास येऊ लागला. "आत येतोय का गं?" मावशी कुजबुजल्या. मी नाही म्हटलं. मला माहीत नव्हतं.

"आणि मुक्ता?" त्यांनी विचारलं. "आज किती आहेत प्लेटलेट?"

"सकाळी कालच्याइतक्याच होत्या. उतरल्या नाहीत."

"उतरल्या नाहीत," त्यांनी तांब्या ओतत पुन्हा म्हटलं. "चांगला आहे. उतरल्या नाहीत."

तेवढ्यात पिवळ्याने गवत सोडलं. अंग कमरेत दुमडल्यासारखं पुढे वाकवलं, पुन्हा ताठ झाला, पुन्हा वाकला. झटके येत होते. मावशींच्या हातातला तांब्या टाकीत पडला. "गेला," त्या म्हणाल्या. "धूर लागला. गेला तो." त्यांनी काचेवर दोन्ही तळवे टेकले. मी त्यांचा खांदा धरला.

पिवळा पुन्हा वाकला, आणि त्याच्या पिशवीतून बारीक धुळीचा लोट बाहेर पडला. मला खरंच धूळ वाटली. मग ती धूळ सुटी झाली. पापणीच्या केसाएवढं एकेक पिल्लू, आणि प्रत्येकाला मान, तोंड, शेपूट. पुन्हा झटका, पुन्हा लोट. ती सगळीकडे होती, काचेला, पाण्याच्या पृष्ठभागावर, एकमेकांच्या शेपट्या धरून.

मावशी रडत होत्या. "यांचं खाणं मी आत्ता ओतलं," त्या म्हणाल्या. "आत्ता. या हाताने."

मी बुडालेला तांब्या काढला आणि पाणी ओतत राहिले. दुसरं काही सुचत नव्हतं.

धूर विरल्यावर आरोग्यसेविका परत आली. प्लास्टिक उचललेलं, आम्ही दोघी भिजलेल्या, टाकीत ते सगळं. तिने पाहिलं. "बाटल्यांना वरून मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधाल?" तिने विचारलं. "झाकलेलं असेल तर मी काही म्हणणार नाही."

मावशींनी त्याच दिवशी नवी अंडी उबवायला घातली. पण ती उबेपर्यंत बहुतेक पिल्लं गेली. रोज सकाळी टाकीच्या तळाशी पांढरा थर दिसायचा आणि मावशी तो नळीने हळूच ओढून घ्यायच्या. मूठभर तगली. त्याच आठवड्यात मुक्ताच्या प्लेटलेट चढू लागल्या. ती घरी आली तेव्हा इतकी हलकी झाली होती की मी तिला एका हातावर घेऊन जिना चढले.

ती हिंडूफिरू लागल्यावर मावशी वर आल्या. माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "आता दाराला साखळी लावून जगायचं नाही मला. तू साक्षीला बस." आणि आमच्यासमोर वनखात्याला फोन लावला. "मी आयुष्यभर तक्रारी घेतल्या," त्या पलीकडच्या माणसाला म्हणाल्या. "आज माझ्याविरुद्ध एक करायची आहे."

दोन अधिकारी आले. मावशींनी त्यांना चहा दिला, कॅनची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, काही लपवलं नाही. मोठे अधिकारी शांत होते. "स्वतःहून दिले असं लिहितो," ते म्हणाले. "पुढचं वरचे ठरवतील." घोडे समुद्रकाठच्या एका सरकारी मत्स्यालयात जाणार होते. मावशींनी स्वतः पिशव्यांत पाणी भरलं, हवा भरली, काळी, पिवळा आणि पिल्लं वेगवेगळी ठेवली. जीप गेल्यावर त्यांनी टाकीचा पंप बंद केला. घरघर थांबली. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि मला ती अजिबात सोसेना.

चार-पाच दिवसांनी त्यांचा फोन वाजला. मी तिथेच होते. मत्स्यालयातला माणूस बोलत होता. पिवळा खात नव्हता. काही केल्या खात नव्हता.

त्या बसने गेल्या. थर्मास, ती काचेची नळी आणि दोन साड्या एवढंच सामान. मी सोडायला गेले होते. "कधी येणार?" मी विचारलं. "खायला लागली की," त्या म्हणाल्या आणि बसच्या ड्रायव्हरला सांगू लागल्या की ब्रेकचा आवाज बरोबर येत नाही.

संध्याकाळी मी फोन केला. "खाल्लं?"

"नाही."

"समुद्र बघितलात?"

"वेळ कुठे आहे गं? टाकीपाशी बसले आहे."

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मग एकदा सकाळी त्यांनीच केला. "खाल्लं," एवढंच. मी ऑफिसात होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला वाटलं, मला काहीतरी वाईट बातमी कळली.

त्या मग तिकडेच जात-येत राहिल्या. मत्स्यालयाने त्यांना मागच्या बाजूला एक खोली दिली. तिथल्या लोकांना नळीने भरवायला शिकवा म्हणाले. गुन्ह्याचं पुढे काही झालं नाही, असं त्या शांत अधिकाऱ्यांनी कधीतरी फोन करून कळवलं.

आमची बदली नागपूरला झाली तेव्हा हिवाळा होता. निघण्याआधी मुक्ताला घेऊन मी तिकडे गेले. मत्स्यालयात गेलो तर टाकीपाशी मावशी नव्हत्या. काळी होती, पिवळा होता, शेजारच्या टाकीत पिल्लं आता बोटाएवढी झाली होती. तिथल्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, "मासीमा? इथेच होत्या." खोलीला कुलूप. त्या टाकी सोडून जातीलच कशा?

आम्ही बाहेर आलो, काठाकाठाने शोधत गेलो. सुरूच्या झाडांखाली एक चहाची टपरी होती. तिच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत मावशी बसल्या होत्या. चपला बाजूला, पाय वाळूत, पदर वाऱ्याने खांद्यावरून घसरलेला. मान मागे टेकलेली आणि तोंड किंचित उघडं. घोरत होत्या. इतक्या दिवसांत त्यांना झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. समोर भरती येत होती. वाळूवर मुलं ओरडत होती, टपरीचा रेडिओ चालू होता, एक कुत्रा त्यांच्या पायाशी हुंगून गेला. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

मुक्ता हाक मारायला पुढे झाली. मी तिचा हात धरला. टपरीवाल्याने खूण करून आणखी दोन खुर्च्या दिल्या. त्या आम्ही न ओढता, उचलून त्यांच्या शेजारी ठेवल्या आणि बसलो.